सशांचा पिंजरा: आधी पेटीचं माप, मग जाळीचं

बहुतेक ठिकाणी काम उलटं होतं. आधी पिंजरे करून आणले जातात, मादी गाभण राहिली की मग तिला विण्यासाठी आत ठेवायच्या पेटीसाठी धावाधाव सुरू होते. पेटी येते आणि दारातून आतच जात नाही. म्हणून मोजायला सुरुवात पेटीपासून करा. पेटीवरून दार ठरतं आणि दारावरून पिंजरा.

पेटी लागतेच कशाला? रानातला आपला ससा गवताच्या आडोशाला उघड्यावर वितो, पण त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच येतात. (तो धरून पाळायचा विचार असेल तर सोडा. कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि पाळीव सशाशी त्याचा संकरही होत नाही.) न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला या पाळीव जातींचं मूळ मात्र युरोपातल्या बीळ करणाऱ्या सशात आहे. त्यांची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात आणि आठवडाभर स्वतःची ऊब राखू शकत नाहीत. मादीला जमिनीवरून उचलून जाळीवर ठेवलं म्हणजे तिचं बीळ आपण काढून घेतलं. ते परत द्यायचं तर पेटी हवी.

चार किलोच्या आसपासच्या मादीला आतून १८ इंच लांब आणि १० इंच रुंद पेटी पुरते. १२ मिमीचा प्लाय घेतला तर तुकडे असे कापा: तळ १८ बाय १०, दोन बाजू १८ बाय १०, मागची फळी ११ बाय १०, पुढची ११ बाय ६, आणि मागच्या अर्ध्या भागावर झाकण ११ बाय ८. बाजू तळाच्या कडेला बाहेरून ठोका. तळाला ६ मिमीची आठ-दहा भोकं पाडा, नाहीतर मूत साचून खालचं गवत कुजतं. आत खिळ्याचं टोक राहू देऊ नका. वरच्या कडांवर पत्र्याची पट्टी दुमडून बसवली तर मादी लाकूड कुरतडत नाही. रंग, वॉर्निश काही लावू नका. संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या फळ्याही चालतात, पण दोन फळ्यांमधली फट बुजवून घ्या. पिल्लाचा पाय तिथेच अडकतो.

पेटी मोठी केली तर मादीला आराम, असं वाटतं. होतं भलतंच. मादी आत बसायला लागते, तिथेच लेंड्या टाकते, आणि पिल्लं एकमेकांपासून पांगून थंडावतात. पुढच्या ६ इंचांच्या उंबरठ्यालाही कारण आहे. पाजून झाल्यावर मादी झटकन बाहेर उडी मारते, तेव्हा एखादं पिल्लू सडाला लटकलेलंच असतं. एवढा उंबरठा असला तर ते अडकून आतच पडतं. चार इंचांचा उंबरठा असेल तर जाळीवर येऊन पडतं, आणि मादी मांजरीसारखी पिल्लू तोंडात धरून परत नेत नाही.

आता दार. पेटीची बाहेरची रुंदी ११ इंच आणि उंची साडेदहा, म्हणून दार १४ इंच रुंद, १२ इंच उंच ठेवा. वरून टांगलेलं, आत उघडणारं दार बरं. कडी लावायची राहिली तरी ते स्वतःच्या वजनाने बंद राहतं.

मादीचा पिंजरा ३ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट उंच. नराला २ बाय २ पुरे, त्याला पेटी लागत नाही. लावताना, म्हणजे मिलनासाठी, मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडे नाही. मादी आपल्या जागेवर नराला चावते.

तळाची जाळी १४ गेजचीच घ्या, घर १ इंच बाय अर्धा इंच. स्वस्तात मिळते म्हणून १६ गेजची, म्हणजे बारीक तारेची, घेतली की मधोमध झोळ येतो, मूत तिथे गोळा होतं, आणि मादीचे मागचे तळवे सोलवटून जखमा होतात. जाळीला दोन बाजू असतात हे लक्षात घ्या. अर्ध्या इंचाच्या अंतरावरच्या तारा वर यायला हव्यात, कारण पाय त्यांच्यावर टेकतो. उलटी टाकली तर एक-एक इंचावरच्या तारांवर सगळं वजन येतं. आत फूटभर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. पायांना आराम मिळतो, आणि उन्हाळ्यात मादी त्याच थंड दगडावर पसरते.

बाजूंना आणि छताला १ बाय २ इंचाची जाळी चालते. एका पिंजऱ्याला ती २१ चौरस फूट लागते, तळाला ६. पण चारही बाजूंनी खालच्या ४ इंचांत बारीक जाळीची दुसरी पट्टी बांधा. पेटीबाहेर आलेलं पिल्लू भिंतीकडे सरपटत जातं आणि २ इंचांच्या घरातून सरळ खाली पडतं. जाळी जोडायच्या क्लिपा दर तीन-चार इंचांवर. बाइंडिंग तार वापरत असाल तर पीळ बाहेरच्या बाजूला वळवा.

बांबूच्या कामट्यांचा तळ स्वस्त पडतो, गावातच होतो. आमचं मत विचाराल तर विणाऱ्या मादीला तो नको. मूत शोषतो, धुऊन वाळत नाही, आणि पावसाळ्यात पिल्लांना रक्ती हगवण लागण्याचं ते एक मोठं कारण असतं.

पिंजरा जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर, एकाच मजल्यावर. जागा वाचवायला दुसरा मजला केला की वरचे ससे मे महिन्यात पत्र्याखाली भाजतात. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. छताला कवेलू (कौलं) असतील तर उत्तम. पत्रा असेल तर वरून चुन्याचा हात द्या आणि त्यावर तुराट्या किंवा तणसाचा जाड थर अंथरा. पश्चिमेकडून येणारी झळ तट्ट्याने अडवा. ओली पोती लावणार असाल तर वारा खेळता हवा. बंद शेडमध्ये ओल्या पोत्यांनी नुसता दमटपणा वाढतो, आणि तो सशाला उन्हाइतकाच वाईट. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो.

विदर्भात नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो. ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं तरी नराचं बीज कमजोर पडतं, आणि ऊन ओसरल्यावरही सावरायला दीड-दोन महिने लागतात. जूनमध्ये पाऊस पडला की लोक माद्या लावायला घेतात आणि त्या रिकाम्या राहिल्या की मादीला दोष देतात. दोष नराच्या उन्हाळ्याचा असतो. पोळ्यापासून लावायला सुरुवात करा आणि जानेवारी संपताना थांबा. म्हणजे शेवटची पिल्लं एप्रिल तापायच्या आत आईपासून सुटतात.

मादी लावल्याची तारीख पिंजऱ्यावर कार्डावर लिहा, आठवणीवर सोडू नका. ती ३१ दिवसांत विते, एखादा दिवस मागेपुढे. १२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपून गर्भाच्या गाठी लागतात का बघा. पेटी २८ व्या दिवशी आत. म्हणजे ५ नोव्हेंबरला लावली तर पेटी ३ डिसेंबरला आणि वेत ६ च्या आसपास. आठवडाभर आधी ठेवली तर मादी तिचा संडास करते, उशीर झाला तर जाळीवरच विते. लेंड्या टाकायचा तिचा कोपरा ठरलेला असतो. पेटी त्याच्या समोरच्या कोपऱ्यात ठेवा. सतराव्या-अठराव्या दिवशीच मादी केस उपटायला लागली तर बहुधा खोटा गाभ आहे.

पेटीत खाली इंचभर रंध्याचा भुसा. करवतीचा बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकात जातो. त्यावर वीतभर कापलेलं धानाचं तणस सैल भरा आणि मागच्या भागात मुठीने दाबून खळगा करा. भंडारा-गोंदियाकडे तणसाला तोटा नाही. पश्चिम विदर्भात लोक सोयाबीनचं कुटार भरतात. ते टोचतं आणि धूळ करतं. कुसळीचं गवतही नको, कुसळ डोळ्यात जातं. आणि कापूस तर अजिबात नको. घरात पडलेला असतो, मऊ असतो, म्हणून हात तिकडेच जातो. पण त्याचे धागे पिल्लांच्या पायांना, मानेला गुंडाळतात आणि आवळतात. गादीसाठी मादी पोटाचे केस स्वतः उपटते. जास्त झालेले मूठभर केस पिशवीत ठेवून द्या, कमी केस उपटणाऱ्या मादीच्या पेटीत कामी येतात.

व्याल्यावर त्याच दिवशी पेटी तपासा. मेलेली पिल्लं आणि वार काढा, नाहीतर रात्रीत मुंगळे येतात. पिंजऱ्याचे पाय पाणी आणि जळक्या ऑइलच्या वाट्यांत ठेवले तर मुंगळे चढत नाहीत. मादीला साधारण आठ सड असतात. पिल्लं दहा-बारा असतील तर दोन-तीन दिवसांच्या आतबाहेर व्यालेल्या दुसऱ्या मादीकडे वाटा. मादी दिवसभर पेटीकडे फिरकत नाही म्हणून घाबरू नका, ती चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं पाजते. पिल्लांची पोटं गोल, ताणलेली दिसली की झालं. पिल्लू गार सापडलं तर ते मेलंय असं लगेच धरू नका, आधी हातात ऊब देऊन बघा. मादी पिल्लं खाते तेव्हा आधी पाणी बघा, मग रात्री शेडभोवती मांजर किंवा मुंगूस फिरतंय का ते. उन्हात तापलेल्या पाइपातलं पाणी ती पीत नाही.

डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. चिकटलेले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसा. अठराव्या-विसाव्या दिवशी पेटी बाहेर काढा, तोवर पिल्लं स्वतःच चारा कुरतडू लागतात आणि आतलं गवत ओलं झालेलं असतं. ते जाळा, पेटी घासून धुवा आणि तीन दिवस कडक उन्हात पालथी ठेवा. हंगामातल्या शेवटच्या वेतानंतर ती आढ्याला टांगा. खाली ठेवली तर पावसाळ्यात घुशी तिचा ताबा घेतात.