वेळ, तारीख आणि एकोणीस अक्षांश

रविवार, पहाट

हॅम रेडिओवर सूर्योदयाआधी ४० मीटरचा बँड लांबपर्यंत उघडतो, म्हणजे दूरची स्टेशनं मिळतात, आणि लॉगमधला (संपर्कांच्या नोंदवहीतला) सगळ्यात महागात पडणारा घोळ नेमका याच वेळी होतो. लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवायचा हे सगळ्यांना पाठ असतं, साडेपाच तास वजाही होतात. तारीख मागे न्यायची तेवढी राहून जाते. १० तारखेला पहाटे ५:१० ला झालेला क्यूएसओ (संपर्क) लॉगमध्ये ९ तारखेला, २३४० असाच लिहायचा. रात्री बारापासून साडेपाचपर्यंतची प्रत्येक ओळ आदल्या दिवसाची.

लॉगबुक ऑफ द वर्ल्ड (दोन्ही बाजूंचे लॉग ताडून संपर्क पक्का करणारी ऑनलाइन सेवा) जुळणी करताना दोन्हीकडच्या वेळेत ३० मिनिटांचा फरक चालवून घेतं, अख्ख्या दिवसाचा नाही. बरं, फाइल चढताना काही एरर येत नाही. फक्त कन्फर्मेशन येत नाही, आणि आपण समोरच्याला आळशी ठरवून मोकळे. उपाय साधा आहे. रिगशेजारी (रेडिओ संचाशेजारी) यूटीसीला लावलेलं २४ तासांचं वेगळं घड्याळ ठेवावं. डोक्यातल्या वजाबाकीवर विसंबू नये. संगणकाचं घड्याळ मात्र पाच तास तीस मिनिटं मागे ओढू नये. त्याचा टाइम झोन भारतीयच राहू द्यावा, एफटी८ या डिजिटल मोडचं सॉफ्टवेअर यूटीसी स्वतः काढतं. हाताने मागे केलं की दोनदा वजाबाकी होते.

फोनवर, म्हणजे आवाजी मोडवर, काम करताना मी अजून कच्ची वही ठेवायच्याच मताचा आहे. ऐकू येईल तसं पेन्सिलीने लिहावं, शंका असलेल्या अक्षराखाली रेघ मारावी आणि तेवढंच अक्षर पुन्हा मागावं. इमारतीतल्या एलईडी आणि चार्जरच्या खरखरीत बी, डी, पी, टी सगळे सारखेच वाटतात. कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह) अर्धंच मिळालं तर इंटरनेटवर शोधून ‘हाच असेल’ म्हणून भरू नये. तो क्यूएसओ झालेलाच नसतो.

शेराचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. त्यात नॉइज लेव्हल आणि एसडब्ल्यूआर (अँटेना नीट जुळलाय का याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) लिहिला तर मे महिन्यात १.३ असलेला आकडा जुलैत २.५ झालेला सरळ दिसतो. मग आधी गच्चीवरचा पीएल-२५९ (अँटेनाच्या केबलचा प्लग) उघडून बघावा. खाऱ्या हवेने प्लग हिरवा पडलेला असतो, नाहीतर कोॲक्स केबलच्या जाळीत पाणी शिरलेलं असतं. तशी केबल वाळवून फारसा उपयोग नाही, भिजलेला तुकडा कापून टाकावा.

स्प्लिटवर (ऐकायची आणि पाठवायची फ्रीक्वेन्सी वेगळी ठेवून) डीएक्स, म्हणजे दूरचं स्टेशन, मिळाला तर लॉगमध्ये मुख्य फ्रीक्वेन्सी आपल्या ट्रान्समिटची, त्याची नव्हे. एडीआयएफ फाइल (लॉगच्या देवाणघेवाणीची मजकूर-फाइल) नोटपॅडमध्ये दुरुस्त करताना कॉलसाइन सहाऐवजी पाच अक्षरांचं झालं, तर त्याच्या आधीच्या <CALL:6> या खुणेतला ६ चा आकडाही ५ करायचा. तो लांबी सांगतो, आणि चुकला की पुढचा मजकूर गिळला जातो.

मुंबईकरांसाठी आणखी एक. एकोणीस अक्षांशाची रेघ आपल्या शहरातूनच जाते. त्यामुळे ग्रिड चौकोन (हॅम मंडळींचा ठिकाण सांगणारा कोड) बदलतो: कुलाबा, गिरगाव एमके६८ मध्ये आणि दादरपासून वर एमके६९. घरून आणि कुलाब्याहून, अशा दोन्ही ठिकाणांहून काम करणाऱ्याने टीक्यूएसएलमध्ये (लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी लॉगवर डिजिटल सही करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन वेगळी स्टेशन लोकेशन्स करावीत, आणि त्या दिवसाचा लॉग सही करण्याआधी योग्य ते लोकेशन निवडलंय ना, एवढं बघावं.