तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात मोठ्या कांद्याचं बी धरलं तर?

कांद्याच्या ब्रीडिंगचं काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ढिगातला सगळ्यात मोठा कांदा काढून त्याचंच बी धरलं तर पुढचे कांदे तसेच मोठे का येत नाहीत?

येतात की, थोडे मोठे येतात, पण तुम्हाला हवे तेवढे नाही. तो कांदा मोठा कशामुळे झाला हे त्याच्याकडे बघून कळतच नाही ना, शेजारची दोन रोपं मेली, जागा मिळाली, की कांदा फुगतो, आणि ती मोकळी जागा काही बियात उतरत नाही. कांद्याकांद्यात जो फरक दिसतो त्यातला किती वाटा जनुकांचा, हा हिशोब म्हणजे आनुवंशिकता, शून्य ते एकमध्ये मोजायची. समजा सरासरी वजन 80 ग्रॅम, निवडलेल्यांची सरासरी 120, आणि पुढे उतरणारा वाटा 0.25, तर पुढच्या पिढीची सरासरी 90 च्या आसपास. म्हणजे 40 मधले 10 पदरात.

आणि हा आनुवंशिकतेचा आकडा वाणावर कोरलेला नसतो! एकसारख्या जमिनीत तो वाढतो, उंचसखल शेतात घसरतो. एकाच हंगामात एकाच ठिकाणी काढलेला 0.9 वगैरे बघितला की मला आधी शंकाच येते, त्यात त्या जागेचा आणि हवामानाचा प्रभाव मिसळलेला असतो. डेंगळ्यांचंच बघा, म्हणजे कांदा पोसायच्या आधीच येणाऱ्या फुलांच्या दांड्यांचं, थंडी पडलीच नाही तर डेंगळे येणारं झाड कुठलं हे कळणार कसं? उलट आनुवंशिकता भरपूर पण झाडाझाडात मुळात फरकच कमी, तर निवडायला उरतं काय.

शिवाय आई माहीत, बाप कोण? गोंड्यातल्या, म्हणजे कांद्याच्या फुलांच्या गुच्छातल्या, प्रत्येक फुलाचा पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो, मधमाशी कुठून पराग आणेल सांगता येत नाही, म्हणून तर लाल कांद्यात लपलेला पिवळा रंगही मधेच डोकं वर काढतो. बरं, एकच कांदा जाळीत ठेवून स्वतःच्याच परागावर बी धरलं तर पिढीगणिक जोम घटत जातो. त्यात एक फेरी म्हणजे दोन हंगाम, आधी कांदा, मग बी.

तरी करायचंच असेल तर ढिगातून निवडू नका. शेताचे चौकोन पाडा, चारी बाजूंनी शेजारी असलेले चांगले कांदे प्रत्येक चौकोनातून घ्या, आणि असे शे-दोनशे एकत्र लावा, दुसऱ्या कांद्याच्या फुलांपासून लांब.