जोडवं बोटात जाईना

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भर पावसात, दादरला पूल उतरताना पाय घसरला. चूक माझ्या झिजलेल्या चपलेची. घरी फोन केला तेव्हा मी "मुरगळलाय जरा" एवढंच सांगितलं. प्रत्यक्षात घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता. तासाभरात पाऊल असं टम्म फुगलं की सिस्टरने साबण लावून आधी जोडवं काढलं आणि ह्यांच्या हातावर ठेवलं. "आत्ताच निघालं ते बरं झालं, नाहीतर कापावं लागलं असतं."

मला वाटलं, उद्याच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, सहा-सात दिवस थांबू. सुजून ताणलेल्या कातडीवर छेद दिला तर जखम नीट मिटत नाही. "कातडीवर बारीक सुरकुत्या दिसल्या की घेऊ." आयुष्यभर सुरकुत्या नकोत म्हणून क्रीम लावलं, आणि आता त्यांची वाट बघायची! कच्चं प्लास्टर घालून घरी आले. कन्नमवार नगरातली आमची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मंडळातल्या चार पोरांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून वर चढवलं.

सातव्या दिवशी बाहेरच्या हाडाला प्लेट आणि आतल्या बाजूला दोन स्क्रू बसले. गुडघ्यामागे नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे पाय म्हणजे कुणाचा तरी आणून ठेवलेला ओंडका. रात्री दहाला सिस्टर गोळी घेऊन आली, तर मी शहाणपणा केला. "दुखतच नाहीये, उगाच कशाला गोळी?" तीन वाजता बधिरपणा उतरला आणि घोट्यात कुणीतरी पाचर ठोकत असल्यासारखा ठणका सुरू झाला. मग गोळी घेतली, इंजेक्शन घेतलं, तरी कळ आटोक्यात यायला पहाट झाली. दुखणं एकदा डोक्यावर बसलं की त्याला खाली उतरवायला दुप्पट औषध लागतं. ते बसण्याआधीच गोळी पोटात गेलेली हवी.

घरी आल्यावर कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. पॅरासिटामॉल ६५० दर सहा तासांनी, दुखो न दुखो, पहिले चार-पाच दिवस. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून त्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, असं बजावलं होतं. फारच कळ आली तर ट्रामाडॉल. त्याने दुखणं थांबायचं, पण मळमळायचं आणि पोट गच्च व्हायचं. इसबगोल तेव्हाच घरात आलं.

सूज मात्र गोळ्यांना दाद देत नव्हती. तिला एकच भाषा कळत होती, उंचीची. पाऊल छातीच्या वर हवं. नुसती टाचेखाली उशी ठेवली की टाच दुखते आणि गुडघा अधांतरी राहतो. म्हणून सासूबाईंनी दोन लोड पोटरीखाली लांब लावले, टाच मोकळी ठेवली. "अंगठा नाकाच्या वर दिसला पाहिजे," हा त्यांचा नियम. प्लास्टरमधून बर्फ घोट्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हिवाळ्यात सोलून फ्रीजरला टाकलेल्या मटारची पिशवी पंच्यात गुंडाळून गुडघ्यामागे ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं. ते मटार नंतर कुणी खाल्ले नाहीत.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी शेजारच्या काकू वाटीभर गरम आंबेहळदीचा लेप घेऊन आल्या. ताज्या टाक्यांवर लेप चालत नाही म्हणून मी नको म्हटलं. सासूबाईंनी तो स्वतःच्या गुडघ्याला लावला. पण काकूंशी गप्पा मारायला मी खुर्चीत पाय सोडून दीड तास बसले. उठवलं तेव्हा बोटं जांभळी, मुंग्या आलेल्या, प्लास्टर आवळलेलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पाय लगेच वर घ्या, बोटं हलवत राहा, अर्ध्या तासात रंग आला नाही, बोटं बधिर झाली किंवा गोळी घेऊनही कळ वाढत गेली तर थेट या. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर मिनिटभरही थांबायचं नाही, कारण ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. पोटात रोज टोचत होते ते इंजेक्शन त्या गुठळीसाठीच होतं, हे मला तेव्हा समजलं. वीस मिनिटांत बोटं गुलाबी झाली. ती वीस मिनिटं मात्र मी एकेक बोट मोजत काढली.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. वॉकरवर उड्या मारत बाथरूम गाठायचं. प्लास्टर सुटल्यावर फिजिओथेरपिस्टने अंगठ्याने हवेत अक्षरं काढायला सांगितली. मी अख्खी मुळाक्षरं गिरवली. 'ग' सोपा, 'ळ' काढताना घोटा कुरकुरायचा आणि 'ज्ञ'ला डोळ्यांत पाणी यायचं. गणपतीच्या तोंडावर एक्स-रे बघून पाय टेकायची परवानगी मिळाली. त्या वर्षी मोदक मी बसूनच वळले, पाय पाटावर.

आता सहा महिने झालेत. सूज वर्षभरही रेंगाळू शकते, असं डॉक्टर म्हणालेच होते. सकाळी जोडवं अलगद बोटात जातं. ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी परतीची गाडी पकडली की कुर्ल्याच्या आसपास ते चावायला लागतं. मी ते काढून पासच्या पाकिटात टाकते आणि घरी पोचल्यावर आधी लोड ओढते.