पॉपरमधला बर्न डेक: कमी पैशांत पूर्ण ताकदीची साठ कार्डं

महागड्या डेकची स्वस्त नक्कल करू नका. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये नव्याने येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगेन. मॅजिक: द गॅदरिंगमध्ये कुणीतरी स्पर्धा जिंकलेला मॉडर्न या प्रकारातला डेक बघायचा, त्यातली परवडतील तेवढी कार्डं घ्यायची आणि उरलेल्या जागा हाताला लागेल त्याने भरायच्या, असं बरेच जण करतात. असा डेक धड स्वस्तही राहत नाही आणि धड जिंकतही नाही. त्यापेक्षा जिथे सगळेच स्वस्त कार्डांनी खेळतात, तो फॉरमॅट, म्हणजे कोणती कार्डं चालतात हे ठरवणारा खेळप्रकार, निवडावा. मॅजिकमध्ये त्याचं नाव पॉपर.

पॉपरचा नियम एका ओळीचा आहे. छापील सेटमध्ये किंवा मॅजिक ऑनलाइनवर जे कार्ड एकदा तरी कॉमन, म्हणजे सर्वांत सहज मिळणाऱ्या श्रेणीचं, म्हणून आलं, ते चालतं. तुमच्या हातातल्या प्रतीवर श्रेणी दाखवणारं कोणत्या रंगाचं चिन्ह आहे, याने फरक पडत नाही. लाइटनिंग बोल्ट मॉडर्न मास्टर्स २०१५ मध्ये अनकॉमन होता, तरी ती प्रत पॉपरमध्ये बिनदिक्कत चालते. म्हणून खरेदी करताना चिन्ह बघू नका. ज्या छपाईची किंमत सर्वांत कमी, ती घ्या. छापील कार्डांसाठी या फॉरमॅटला अधिकृत मान्यता २०१९ मध्ये मिळाली आणि तेव्हापासून बंदीची यादी एकच आहे. खरेदीआधी ती वाचाच. मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर २०२३ मध्ये आणि कुलडोथा रिबर्थ २०२५ मध्ये बंद झालं. जुन्या लाल डेकच्या याद्यांमध्ये ही दोन्ही कार्डं अजून सर्रास दिसतात.

पहिल्या डेकसाठी माझी पसंती एकरंगी लाल बर्नला, म्हणजे थेट समोरच्याच्या आयुष्यावर डॅमेज मारणाऱ्या डेकला, आहे. एक रंग म्हटलं की दुरंगी लँडचा (लँड म्हणजे माना, अर्थात कार्ड खेळायची ऊर्जा, देणारं कार्ड) खर्च वाचतो, आणि बजेट डेकमध्ये पैसा बहुतेक वेळा लँडमध्येच अडकतो. दुसरं असं की इथे जवळजवळ प्रत्येक कार्ड एकच काम करतं, त्यामुळे एखादं कार्ड मिळालं नाही तरी डेक मोडत नाही.

आधी हिशोब. समोरच्याचं आयुष्य २०. एका मानात ३ डॅमेज देणारी सात कार्डं म्हणजे २१. पहिली टर्न तुमची असेल, तर चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही दहा कार्डं पाहता: हातातली सात आणि ओढलेली तीन. साठात अठरा लँड असतील, तर दहा कार्डांत सरासरी बरोबर तीन लँड येतात आणि सात कामाची कार्डं उरतात. तीन लँडवर चार टर्नमध्ये १ + २ + ३ + ३ असे नऊ माना मिळतात, म्हणजे सात कार्डं खेळून दोन माना हाताशी उरतात. अठरा लँड हा आकडा या गणितातून आला आहे. बावीस लँड घातले तर दहा कार्डांत पावणेचारच्या आसपास लँड येतात आणि तेवढं डॅमेज कमी पडतं.

याची किंमतही आहे. अठरा लँडच्या डेकमध्ये पहिल्या सात कार्डांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे. वीस लँडवर ती २५ टक्क्यांवर येते. तरीही मी अठरावरच थांबतो, कारण हा डेक दोन लँडवरसुद्धा चालतो. एक लँड असलेला हात ठेवायचा की नाही, ते कोण आधी खेळतंय त्यावर ठरवा. तुम्ही आधी खेळत असाल, तर दुसऱ्या टर्नला दुसरा लँड मिळण्याची शक्यता ५३ पैकी १७, म्हणजे ३२ टक्के. तो हात टाका. तुम्ही नंतर खेळत असाल तर दोन ड्रॉ मिळतात आणि शक्यता ५४ टक्के होते. हातात एका मानाची चार-पाच कार्डं असतील तर तो ठेवता येतो. दोन-दोन मानांची क्रीचर (टेबलावर राहून लढणारी कार्डं) असतील तर नाही.

आता यादी.

लँड: माउंटन १८.

क्रीचर: व्होल्डरेन एपिक्युअर ४, थर्मो-अल्केमिस्ट ४, केसिग फ्लेमब्रेदर ४.

बर्न: लाइटनिंग बोल्ट ४, चेन लाइटनिंग ४, लाव्हा स्पाइक ४, रिफ्ट बोल्ट ४, स्क्युअर द क्रिटिक्स ४, फायरब्लास्ट ३, सिअरिंग ब्लेझ ३.

कार्ड भरून काढायला: रेकलेस इम्पल्स ४.

जवळपास सगळीकडे चार प्रती का? एखाद्या कार्डाच्या चार प्रती असल्या तर पहिल्या सात कार्डांत त्यातली किमान एक येण्याची शक्यता ४० टक्के असते. एकेक प्रत घालून साठ वेगवेगळी कार्डं जमवली, तर प्रत्येक डाव वेगळा होतो आणि डेक शिकताच येत नाही.

फायरब्लास्टच्या मात्र तीनच ठेवल्या आहेत. त्याची छापील किंमत सहा माना, पण त्याऐवजी दोन माउंटन सॅक्रिफाइस करून, म्हणजे कायमचे टाकून देऊन, ते फुकट खेळता येतं आणि ४ डॅमेज देतं. सुरुवातीलाच दोन हातात आले तर हात अडकतो, कारण तिसऱ्या टर्नला दोन लँड गमावणं परवडत नाही. ते डावाच्या शेवटच्या घावासाठी आहे. खेळताना क्रम लक्षात ठेवा: आधी माउंटन टॅप करून (आडवे वळवून) माना काढा, त्या मानावर दुसरं कार्ड खेळा, आणि मग तेच टॅप केलेले माउंटन सॅक्रिफाइस करा. दोन माउंटनवर बोल्ट आणि लाव्हा स्पाइक, वर फायरब्लास्ट, असे १० डॅमेज एका टर्नमध्ये निघतात. फायरब्लास्टला माउंटनच लागतात. कार्ड ओढून देणारे किंवा आणखी काही करणारे खास लाल लँड घालायचा मोह होतो, पण ते माउंटन प्रकारचे नसले तर फायरब्लास्टच्या वेळी कुचकामी ठरतात. साधे माउंटनच ठेवा. कोणत्याही जुन्या खेळाडूकडे ते ढिगाने पडलेले असतात आणि बहुधा मागितले तरी मिळतात.

या डेकमधलं सर्वांत चुकीचं खेळलं जाणारं कार्ड म्हणजे थर्मो-अल्केमिस्ट. दोन मानाचं, ०/३ (ताकद शून्य, टिकाव तीन), डिफेंडर (हल्ला करू शकत नाही). टॅप केलं की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला १ डॅमेज, आणि तुम्ही इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदाच परिणाम करून जाणारी स्पेल) खेळलात की ते अनटॅप होतं. टॅपची क्षमता असल्यामुळे ते आलं त्याच टर्नला वापरता येत नाही. पुढच्या टर्नपासून नियम एकच: आधी टॅप, मग स्पेल. स्पेल आधी खेळलं तर अनटॅप होण्याचा फायदा वाया जातो. दोन स्पेल असतील तर टॅप, स्पेल, टॅप, स्पेल. आता ते पुन्हा उभं आहे. तसंच राहू द्या. समोरचा हल्ला करेल तेव्हा त्याच्याने ब्लॉक करा आणि ब्लॉक जाहीर झाल्यावर टॅप करून १ डॅमेज द्या. टॅप झालं तरी ब्लॉक कायम राहतो, आणि आपल्या टर्नला ते आपोआप अनटॅप होणारच आहे. दोन स्पेल, तीन डॅमेज, शिवाय एक हल्ला अडवला.

रिफ्ट बोल्टशी त्याची जोडी आणखी चांगली जमते. पहिल्या टर्नला एक माना देऊन रिफ्ट बोल्ट सस्पेंड करा, म्हणजे काउंटर ठेवून बाजूला ठेवा. पुढच्या टर्नच्या अपकीपला (ड्रॉच्या आधीच्या टप्प्याला) शेवटचा काउंटर निघतो आणि ते फुकट खेळलं जातं. समोरच्याने त्या टर्नमध्ये आयुष्य गमावलं असल्यामुळे स्क्युअर द क्रिटिक्स तीनऐवजी एकाच मानाला पडतं. मग दोन मानांवर स्क्युअर आणि लाइटनिंग बोल्ट. दुसऱ्याच टर्नला एकूण ९ डॅमेज. डावाच्या मधल्या भागात अल्केमिस्ट आधीच टेबलावर असेल, तर अपकीपला रिफ्ट बोल्टचा ट्रिगर स्टॅकवर (अंमलात येण्याच्या प्रतीक्षेत) असतानाच त्याला टॅप करा. रिफ्ट बोल्ट खेळला गेला की अल्केमिस्ट परत उभं राहतं. नवे खेळाडू घाईघाईने अपकीप ओलांडून ड्रॉ करतात आणि हा एक डॅमेज हमखास सोडतात.

रेकलेस इम्पल्स दोन मानाला गठ्ठ्यातली वरची दोन कार्डं एक्झाइल करतं, म्हणजे वेगळी काढून ठेवतं. ती तुमच्या पुढच्या टर्नच्या अखेरीपर्यंत खेळता येतात. टेबलावर दोन लँड असतील तर त्या टर्नचा लँड टाकण्याआधी ते खेळा. वर लँड निघाला तर तो टाकायचा आणि हातातला पुढच्या टर्नला ठेवायचा. अडचण रिफ्ट बोल्टची आहे: सस्पेंड फक्त हातातून करता येतं, म्हणून इम्पल्सने उघडलेलं रिफ्ट बोल्ट पूर्ण तीन मानांनाच खेळावं लागतं. स्क्युअर आणि फायरब्लास्ट मात्र एक्झाइलमधूनही आपल्या स्वस्त किमतीत खेळता येतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लाव्हा स्पाइक क्रीचरला मारता येत नाही, म्हणून हातात बोल्ट आणि स्पाइक दोन्ही असतील तर चेहऱ्यावर (थेट खेळाडूवर) आधी स्पाइक मारा आणि बोल्ट मागे ठेवा. चेन लाइटनिंग लाल डेकविरुद्ध जपून वापरा, कारण समोरचा दोन लाल माना देऊन त्याची प्रत तुमच्यावर उलटवू शकतो. त्याचे लँड टॅप झाल्यावर ते खेळा. सिअरिंग ब्लेझ त्याच टर्नला लँड टाकल्यावरच खेळाडूला आणि त्याच्या क्रीचरला ३ अधिक ३ देतं, नाहीतर १ अधिक १. म्हणून तिसऱ्या लँडनंतरचा एखादा लँड हातात राखून ठेवणं फायद्याचं. समोर क्रीचरच नसेल तर ते खेळताच येत नाही. एपिक्युअर टेबलावर येतानाच १ डॅमेज देते आणि ब्लड टोकन देते. डावाच्या शेवटी नको असलेला लँड त्या टोकनवर टाकून नवं कार्ड ओढता येतं.

साइडबोर्डची, म्हणजे डावांच्या मध्ये बदलायला ठेवलेली, पंधरा: पायरोब्लास्ट किंवा रेड एलेमेंटल ब्लास्ट मिळून ४, स्मॅश टू स्मिदरीन्स ३, रेलिक ऑफ प्रोजेनिटस ३, इलेक्ट्रिकरी २, फ्लेअरिंग पेन २, चौथं सिअरिंग ब्लेझ १. पहिली दोन जवळजवळ एकच काम करतात, जे स्वस्त ते घ्या. अॅफिनिटीविरुद्ध (आर्टिफॅक्ट कार्डांचा डेक) स्मॅश खेळताना एक गोष्ट विसरू नका: त्यांचे ब्रिज लँड इंडिस्ट्रक्टिबल असतात, त्यामुळे ते फुटत नाहीत, पण ३ डॅमेज तरीही बसतं. फ्लेअरिंग पेन डॅमेज अडवणाऱ्या पांढऱ्या आणि हिरव्या कार्डांसाठी आहे.

या डेकचा खरा शत्रू वेदर द स्टॉर्म. दोन मानाचं हिरवं इन्स्टंट, ३ आयुष्य, वर स्टॉर्म. त्या टर्नमध्ये आधी जितकी स्पेल खेळली गेली तितक्या प्रती. तुम्ही एका टर्नमध्ये चार बर्न खेळलात आणि त्याने उत्तर दिलं, तर तो १५ आयुष्य मिळवतो. समोर हिरवा डेक असेल आणि त्याने दोन लँड उघडे ठेवले असतील, तर एकेक-दोन-दोन स्पेल टर्नवार वाटून खेळा, आणि अल्केमिस्ट व फ्लेमब्रेदरला हळूहळू काम करू द्या.

आता पैसे. बूस्टर पॅक फोडून हा डेक बनवू नका. पॅकमध्ये चौदा कार्डं, त्यातली जेमतेम निम्मी कॉमन, आणि तुम्हाला हवी ती त्यात असतील याची शाश्वती शून्य. सुटी कार्डंच घ्या. यातली बहुतेक कॉमन अर्ध्या डॉलरच्या आत असतात. बोल्ट, चेन लाइटनिंग, फायरब्लास्ट आणि ब्लास्ट तेवढी वर जातात. अमेरिकेत टीसीजीप्लेअरवर किंवा युरोपात कार्डमार्केटवर शोधणाऱ्यांनी शक्यतो एकाच विक्रेत्याकडून जास्तीत जास्त कार्डं घ्यावीत, कारण पंचवीस सेंटच्या कार्डावर दीड डॉलरचं टपाल बसलं की स्वस्ताईचा अर्थच उरत नाही. भारतातून मागवणाऱ्यांना तर टपाल आणि कस्टम्सच कार्डांहून जड पडतं; चार-पाच मित्रांनी मिळून एकच ऑर्डर द्या, आणि त्याआधी आपल्या शहरातल्या खेळाडूंच्या जुन्या खोक्यांत शोधा.

त्याहीआधी एक काम करा. साठही कार्डांची नावं आणि मजकूर साध्या कागदावर छापा, जुन्या पत्त्यांसोबत स्लीव्हमध्ये सरकवा आणि घरी आठ-दहा डाव खेळा. डेक आवडला नाही तर खर्च फक्त कागदाचा.

पैसे हप्त्याने घालायचे असतील तर क्रम असा ठेवा: आधी माउंटन, लाव्हा स्पाइक, रिफ्ट बोल्ट, स्क्युअर, इम्पल्स आणि तिन्ही क्रीचर. मग बोल्ट. चेन लाइटनिंग आणि फायरब्लास्ट शेवटी; तोवर त्यांच्या जागी फायरब्रँड आर्चर आणि केल्डन मरॉडर्स चालतील. मरॉडर्स दोन मानाला, बिनअडथळा गेला तर ५ डॅमेज देतो. साइडबोर्ड सर्वांत शेवटी.

स्लीव्ह घेताना माप बघा. मॅजिकचं कार्ड ६३ × ८८ मिलिमीटर, त्याला स्टँडर्ड स्लीव्ह लागतात. यू-गी-ओसाठी मिळणाऱ्या छोट्या जपानी मापाच्या स्लीव्हमध्ये ते बसत नाही आणि कोपरे दुमडतात. साठ अधिक पंधरा म्हणजे पंचाहत्तर, म्हणून शंभरचं पाकीट घ्या. फाटलेल्यांच्या जागी त्याच रंगाच्या उरतात. फॉइल कार्डं स्वस्त दिसली तरी टाळा. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात ती वाकतात, आणि साठ कार्डांच्या गठ्ठ्यात वाकलेलं एक कार्ड पाठीकडूनही ओळखू येतं. स्पर्धेत ते मार्क्ड कार्ड धरलं जातं. डेक बॉक्समध्ये सिलिका जेलची एक पुडी टाकून ठेवा आणि जूनपासून ती महिन्याला बदला.