जुन्या पेलेट शेगडीची दुरुस्ती: एप्रिल ते जून

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो असताना एका भंगारवाल्याकडे, पत्र्याच्या डब्यांच्या राशीखाली, पंख्याची एक पेलेट शेगडी दिसली आणि मी ती 900 रुपयांना घेतली. पेलेट म्हणजे भुसा किंवा शेतीतला काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या छोट्या कांड्या. थंड देशांत खोली ऊबदार ठेवण्यासाठी वापरतात ती, स्क्रूने पेलेट पुढे ढकलणारी मोठी शेगडी ही नव्हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी काही वर्षांपूर्वी महाराष्ट्र-कर्नाटकात अनेक घरांत पोहोचली होती. मी घेतलेली शेगडी त्याच पद्धतीची आहे, मात्र तिच्या अंगावर निर्मात्याचे नाव उरलेले नाही. न्हाणीचे पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाखाली, म्हणजे मोठ्या हंड्याखाली, आजवर करवंट्या आणि माडाची वाळलेली चुडते जळत आली. पावसाळ्यात तेच सरपण दमट होऊन पडवीभर धूर कोंडतो आणि आईला खोकला लागतो. ही शेगडी त्या भाणाखाली ठेवण्याजोगी करायची, हा या कामाचा हेतू आहे.

अशी शेगडी विकत घेताना पंखा चालतो की नाही हे मी पाहत नाही, कारण पंखा आणि बॅटरी बदलता येतात. आतल्या जळणभांड्याची छिद्रे मात्र मी टॉर्च लावून बारकाईने पाहतो. या शेगडीत पेलेट भरून वरून पेटवतात. तळाच्या छिद्रांतून येणाऱ्या थोड्या हवेवर पेलेट तापून वायू सोडतात आणि तोंडाजवळच्या छिद्रांच्या ओळीतून येणारी उरलेली हवा मिळाल्यावर तो वायू जळतो. वरची छिद्रे बुजली की तोच वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतो. माझ्या शेगडीची वरची जवळजवळ निम्मी छिद्रे डांबरासारख्या काजळीने बंद होती, पण भांडे कुठेही फुटलेले नव्हते, म्हणून सौदा पक्का केला.

घरी उघडल्यावर इतर दोष दिसले. बॅटऱ्या फुगल्या होत्या, खाऱ्या हवेने तारांच्या टोकांवर हिरवा थर चढला होता, बाहेरच्या पत्र्याचा तळ गंजला होता आणि उष्णतारोधक अस्तराला तीन ठिकाणी तडे गेले होते. अस्तरामागे तंतुमय ब्लँकेटचे तुकडे निघाले. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ते आधी पाण्याने भिजवले, मास्क आणि हातमोजे घालून काढले आणि पिशवीत बंद केले. कोणीही हे काम कोरडे असताना करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. छिद्रे मोकळी करताना मी 3 मिमीचे ड्रिल यंत्राला न लावता बोटांनी फिरवले. यंत्राने छिद्र मोठे झाले असते आणि हवेचे प्रमाण बिघडले असते. या एकाच कामाला तीन संध्याकाळी गेल्या.

अस्तराचे तडे बुजवायला साधे सिमेंट चालत नाही. सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसच्या पुढे त्यातले रासायनिकरीत्या बांधलेले पाणी सुटत जाते आणि ते भुसभुशीत होते. कुंडई औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांची अस्तरे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून उरलेले उच्च अॅल्युमिनाचे कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचे उष्णतारोधक काँक्रीट, मिळाले. ते कमीत कमी पाण्यात कालवून भरले, एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवले, चार दिवस सावलीत वाळवले आणि मग मूठभर पेलेटच्या मंद आचेवर टप्प्याटप्प्याने तापवले. आत राहिलेल्या पाण्याची वाफ एकदम झाली तर अस्तर फुटते, म्हणून ही घाई मी कटाक्षाने टाळली. गंजलेल्या तळाला गॅल्व्हनाइज्ड पत्रा लावण्याचा सल्ला मिळाला होता, तो मी मानला नाही. जस्त 419 अंशांना वितळते आणि तापलेल्या जस्ताचा धूर श्वासात गेल्यास ताप भरतो. तिथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसवला.

माझी खरी चूक पंख्यात झाली. जुन्या संगणकातला 80 मिमीचा 12 व्होल्टचा पंखा हाताशी होता, तो बसवला आणि शेगडी पेटवली, तर ज्योत पिवळी आणि लांब, वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडाला काजळी, आणि वारा कितीही वाढवला तरी फरक नाही. दोन दिवस मी छिद्रेच पुन्हा पुन्हा तपासत राहिलो. मग लक्षात आले की पात्यांचा असा पंखा मोकळ्या हवेत भरपूर वारा देतो, पण बारीक छिद्रांच्या अडथळ्यापुढे त्याचा दाब पुरत नाही. त्याच्या जागी गोगलगाईच्या शंखासारख्या घराचा 12 व्होल्टचा छोटा ब्लोअर, 2 अँपिअरचा अॅडॉप्टर आणि त्याचा वेग कमीजास्त करणारा पीडब्ल्यूएम रेग्युलेटर लावला. पहिल्याच पेटवणीत वरच्या ओळीतून ज्योती आत वळून भोवऱ्यासारख्या फिरू लागल्या, धूर दिसेनासा झाला आणि आई पडवीत येऊन उभी राहिली. तो क्षण मला या सगळ्या कामाचे मोल देऊन गेला.

मोजमाप असे: 5 लिटर पाणी 28 अंशांवरून उकळायला 19 मिनिटे लागली आणि 300 ग्रॅम पेलेट जळले. पेलेटची उष्णता किलोला सुमारे 16 मेगाज्यूल धरली, तर त्यातला साधारण 31 टक्के भाग पाण्यात उतरला. भाण ठेवून हेच मोजमाप पुन्हा करणार आहे.

जळणाबद्दल दोन गोष्टी. आमच्या भागात काजूची टरफले सहज मिळतात आणि ती भरून पाहण्याचा आग्रह अनेकांनी केला. पण त्यांतले तेल झोंबणारा काळा धूर सोडते आणि नुकतीच मोकळी केलेली छिद्रे त्याच्या डांबराने पुन्हा बुजतील, म्हणून मी ती वापरणार नाही. दुसरी गोष्ट पावसाची आहे. जूनमध्ये गोणीतले पेलेट आठवड्यात मऊ पडले आणि ज्योत पुन्हा पिवळी झाली. चांगले पेलेट हाताने मोडताना कट् आवाज करून तुटते, ओल धरलेले चुरते. आता ते घट्ट झाकणाच्या निळ्या प्लॅस्टिक पिंपात ठेवले आहेत आणि रोज लागतील तेवढेच बाहेर काढतो.

शेगडी उघड्या पडवीतच चालते. ज्योत विझल्यावर उरलेला लाल निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो, त्यामुळे तो बंद न्हाणीत नेऊ नये, हे आईलाही नीट समजावून सांगितले आहे. सध्या तळाची जाळी उष्णतेने वाकलेली असून राख एका बाजूला साचते. तिच्या जागी 3 मिमी जाडीच्या स्टेनलेस पत्र्याची नवी जाळी करायची आहे. फोंड्यातल्या लेथवाल्याने माप घेऊन ठेवले आहे.