तेराव्या थापेला

गुलमर्गला पोहोचलो तेव्हा डिसेंबर संपत आला होता आणि चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, सुरू होऊन आठवडा झाला होता. श्रीनगरचे दोन दिवस आणि तनमर्गपासूनचा घाट यांविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. लिहावेसे वाटले ते गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर खणलेल्या एका कंबरभर खड्ड्याविषयी.

अनेक वर्षे सह्याद्रीत भटकल्यामुळे असेल, पण बर्फ कमी म्हणजे धोकाही कमी, असा माझा पक्का समज होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २७ मृतदेह हाती लागले, तेव्हासुद्धा ‘अजून हिवाळा कुठे सुरू झाला होता?’ असेच मनात आले होते.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा जवळपास चार हजार मीटर उंचीवर नेऊन सोडतो. गोंडोलाखालच्या उतारावर गस्ती पथकाचे लक्ष असते. त्याची हद्द ओलांडली की पुढचा डोंगर ज्याचा त्याने निभवायचा. आमचे वाटाडे गुलमर्गजवळचेच, पन्नाशीचे आणि मितभाषी. ज्या उतारावरून स्कीने उतरायचे आमच्या मनात होते, त्याच दिशेला तोंड असलेली एक लहानशी सुरक्षित चढण त्यांनी निवडली आणि जमीन लागेपर्यंत खणायला लावले. वरचा हातभर थर वाऱ्याने दाबून घट्ट झालेला होता. त्याखालचा बर्फ मी मुठीत घेतला, तर गोळा होईना; जाडसर रव्यासारखा बोटांमधून गळून गेला. “यह बर्फ नहीं, शक्कर है, जनाब,” ते म्हणाले.

हंगामाच्या सुरुवातीला पडलेला बर्फ पातळ असतो. जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा उणे पंधरा, हा सगळा फरक त्या वीतभर थरात सामावतो. खालची वाफ वर सरकत राहते आणि एकमेकांना न धरणारे टोकदार कण तयार होतात. पुढे त्यांवर जड बर्फ साचला की वाळूवर फरशी ठेवल्यासारखी अवस्था होते. वाटाड्यांनी बर्फाचा चौकोनी खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवले आणि वरचा थर किती सहज सरकतो हे पाहायला थापा मारायला सुरुवात केली. मनगटातून मारलेल्या दहा थापांना काही झाले नाही. कोपरातून मारलेल्या तिसऱ्या थापेला वरचा सगळा ठोकळा अखंड सरकून माझ्या गुडघ्यांवर आला. पस्तीस अंशांचा तो उतार वरून इतका गुळगुळीत आणि शांत दिसत होता की अजूनही ते आठवले की पोटात गोळा येतो.

याच कारणाने आदल्या दिवशीचा प्रसंग मला अधिक खुपतो. सामान भाड्याने देणाऱ्या एका दुकानात चार जणांसाठी चार बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा रेडिओ संकेतावरून माग काढणारी छोटी यंत्रे) मिळाले, पण फावडे आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब सळई) मात्र एकेकच; “ग्रुप में एक काफ़ी है,” असे सांगण्यात आले. ज्याच्या पाठीवर फावडे आहे तोच गाडला गेला तर बाकीच्यांनी उकरायचे कशाने? कोसळून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो, तो नुसत्या हातांनी हलत नाही, आणि गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. आम्ही भांडून उरलेले सामान दुसरीकडून मिळवले.

दोष माझाही होता. सरावात पुरलेला बीकन शोधायला मला बावीस मिनिटे लागली, कारण बीकनलगतच्या खिशात मोबाइल सुरू होता आणि त्यामुळे पडद्यावरचा बाण सारखा दिशा बदलत होता. शोध घेताना फोन निदान अर्धा मीटर दूर हवा, हे मी वाचलेले होते. तरीही तो खिशातच राहिला.

त्या उताराचा नाद आम्ही सोडला. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो उतार समोर असताना पाठ फिरवणे जड गेले, हे मान्य करतो. उरलेले तीन दिवस खालच्या झाडीतल्या सौम्य उतारांवर काढले आणि रोज संध्याकाळी बीकन पुरून शोधत राहिलो. शेवटच्या संध्याकाळी मला नऊ मिनिटे लागली, त्यातली सहा निव्वळ उकरण्यात गेली.