तुम्ही विचारलंत म्हणून: मी जोरात का दाबत नाही

मी शिआत्सु करते, म्हणजे अंगठ्यांनी आणि तळव्यांनी अंग दाबायची जपानी पद्धत. काल परत एका ताईंनी विचारलं. पालथ्या झोपलेल्या, तोंड उशीत, तिथूनच म्हणाल्या, "अहो जरा जोर लावा की, काही जाणवतच नाहीये." दर महिन्याला चार-पाच जण तरी हे विचारतात आणि मी तिथल्या तिथे काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आल्या आल्या तो दोन पानी फॉर्म कशाला, गोळ्यांची नावं कशाला, हा प्रश्नही त्याच्याच जोडीचा. म्हणून एकदाचं सगळं लिहिते.

आधी एक सांगते, मला जोर नाही असं समजू नका. शिआत्सुत दाब मनगटाच्या ताकदीचा नसतोच. खाली गादीवर तुम्ही, शेजारी गुडघ्यांवर मी, हात सरळ ठेवून पुढे झुकायचं आणि अंगाचं वजन अंगठ्यातून नाहीतर तळव्यातून खाली जाऊ द्यायचं. तेल नाही, कपडे काढायचे नाहीत (सैल सुती घालून या म्हणते, तरी लोक ऑफिसमधून सरळ लोकल पकडून जीन्समध्येच येतात, मग माझ्याकडचा पायजमा देते). तुम्ही श्वास सोडता तेव्हा दाब वाढवायचा, पाचेक सेकंद थांबायचं, हळू सोडायचं. स्नायू आधी अडवतो, मग सैल पडतो, ते बोटाखाली कळतं. एकदम जोर दिला की तो स्वतःला वाचवायला आणखी आवळतो, आणि मग तुम्ही दात दाबून पडून राहता आणि त्यालाच इफेक्ट म्हणता.

मीही म्हणायचे. दुखलं म्हणजे काम झालं, हे मीच किती जणांना सांगितलंय. टॉक्सिन बाहेर पडतील, भरपूर पाणी प्या, हेही सांगायचे. कुठलं टॉक्सिन हे कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. जपानमध्ये या कामाला सरकारी लायसन्स लागतं, तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तोकुजिरो नामिकोशी यांनी 1940 साली टोकियोत शिआत्सुची शाळा काढली, लहानपणी आईचे दुखरे सांधे दाबता दाबता त्यांना हे सापडलं असं सांगतात. मी शिकले आठ महिन्यांच्या वीकेंड कोर्समध्ये, दादरला, आणि नवव्या महिन्यात पैसे घ्यायला लागले.

त्यानंतर दीडेक वर्षाने माटुंग्याच्या एक काकू आल्या. वय अडुसष्ट, पाठ धरलेली. खूप गोड बाई. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत गावाकडची मालिशवाली यायची, ती कशी रगडायची ते सांगत होत्या, आणि मी अंगठे ठेवले तशा म्हणाल्या, "असं काय गोंजारतेस, दे जोरात, मला सवय आहे." मी कोपर लावलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली. त्यांनी एकदम श्वास आत ओढला, मी थांबले, विचारलं, दुखलं का, तर म्हणाल्या नाही, बरं वाटतंय, कर. मी केलं. हे मी नंतर किती वेळा मनात परत केलंय, त्या श्वासापाशी येऊन थांबते. तो आवाज बरं वाटण्याचा नव्हता, हे मला तेव्हा कळलं होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येत नाही. जाताना त्यांनी पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन. खोकलं की कळ येते म्हणून एक्स-रे काढला, बरगडीला चीर. काकू दम्यासाठी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होत्या. त्याने हाडं विरळ होतात. मी गोळ्यांचं विचारलंच नव्हतं. विचारले होते फक्त दोन प्रश्न, कुठे दुखतं आणि किती दिवस.

भेटायला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकू उशी छातीशी धरून बसलेल्या, कारण खोकला आला की उशी दाबून धरायची. मला बघून म्हणाल्या, "तुझी काय चूक गं, मीच म्हटलं ना जोरात दे." मुलगी दारात सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही विचारायला हवं होतं." आणि मी काय बोलले माहितीये? "त्यांनी सांगायला हवं होतं." त्या जिन्यावर उभं राहून, आतून त्यांचा खोकला ऐकू येत असताना.

डॉक्टर म्हणाले होते की इतक्या विरळ हाडांना नुसत्या खोकल्यानेही चीर जाऊ शकते. ते खरंच आहे, होतं तसं. मी त्या एका वाक्याला खूप दिवस धरून होते. पण सोमवारी खोकला होता आणि दुखत नव्हतं, मंगळवारी माझं कोपर, आणि शुक्रवारी एक्स-रे. बरगडी दीडेक महिन्यात भरली. काकू परत आल्या नाहीत, मीही फोन केला नाही.

तर फॉर्म त्यासाठी. रक्त पातळ करायची गोळी आहे का, हाडांची तपासणी केलीय का, कुठलं ऑपरेशन झालंय का. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर मी हात लावत नाही, आत गाठ असू शकते रक्ताची, आधी डॉक्टर. ताप असेल तर नको. दिवस गेले असतील तर अंगठा आणि तर्जनीमधली जागा आणि घोट्याच्या वरची आतली जागा मी सोडते. जेवून दोन तास तरी जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी जिमच्या पहिल्या दिवसासारखं थोडं अंग दुखेल, पण काळंनिळं पडलं तर ते माझं चुकलं, मला सांगा.

आणि स्लिप डिस्क बरी करते असं मी म्हणत नाही. शिआत्सुवर अभ्यास थोडे आहेत, त्यातून ठाम काही निघत नाही. मान मोकळी झालेली आणि लोकांना तिथेच झोप लागलेली मी रोज बघते, एवढंच माझ्याकडे आहे.

माझी मैत्रीण, हेच काम करते, म्हणते तू घाबरून गेलीस. पंचविशीतल्या धडधाकट पोरालाही तू काकूंची हाडं असल्यासारखं हळू दाबतेस, त्याला खोल दाब लागतो, तो दुसरीकडे जातो. गेलेत तसे, खरं आहे. कदाचित तिचं बरोबर असेल. कोपर मी अजूनही पाठीवर फारसं लावत नाही, आणि ते शहाणपण आहे की भीती हे ठरवायचा प्रयत्न केला की मला तो जिना आठवतो.

कालच्या ताईंना मी थांबवलं, उठून बसायला सांगितलं, फॉर्म परत काढला. गोळ्यांच्या रकान्यात "काही नाही" लिहिलेलं. म्हटलं, नक्की काहीच नाही? तर म्हणाल्या, "हार्टची एक आहे रक्त पातळ करायची, पण ती रोजचीच, तिचं काय लिहायचं."